दुसऱ्याच्या बिऱ्हाडासाठी

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. ही म्हण ज्याने प्रथम केली त्याच्यावर आपले राहते घर दुसऱ्यास भाड्याने देऊन परगावी जाण्याचा प्रसंग आला नसावा. नाही तर त्याने तीत तिसरे कलम खास घातले असते. घर बांधताना पैसा जातो, लग्नात पैसा आणि झोप दोन्ही जातात. पण राहते घर दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचे म्हणजे आपल्याच संसाराची झडती आपल्याला घ्यावी लागते, आणि ती घेताना घरातील माणसांचे स्वभाव नव्याने कळू लागतात.

2024 साली आम्ही पुण्याहून बंगळूरला मुलाकडे राहावयास गेलो. सूनबाई व मुलगा दोघेही नोकरीवर जाणारी, नातू लहान, आणि ह्यांची सेवानिवृत्ती होऊन वर्ष उलटलेले. सासूबाई पंचाऐंशीच्या, त्यांना मागे ठेवून जाण्याचा प्रश्नच नव्हता. निदान तीन वर्षे तरी परतणे होणार नाही, हे दिसत होते. तेव्हा कोथरूडच्या घराचे काय करावयाचे, हा विचार त्या वर्षीच्या संक्रांतीपासूनच सुरू झाला. घर मामंजींनी 1984 साली घेतलेले, त्यांच्यामागे दोघा भावांच्या नावावर झालेले. भावोजी नागपुरास असतात. त्यांच्या संमतीवाचून कुलूप घालणेही योग्य नव्हते, मग भाड्याने देणे तर दूरच.

भावोजींचे उत्तर एका ओळीचे आले : 'घर बंद ठेवावे, भाडेकरूची ब्याद नको.' खरे सांगावयाचे तर माझेही मत त्यांच्याच बाजूला झुकत होते, आणि त्याचे कारण माझ्या माहेरात आहे.

माझे माहेर सदाशिव पेठेतील वाड्याचे. वाडा आमच्या आजोबांचा, आणि त्यात बिऱ्हाडे सात. मुंबई राज्याचा भाडेनियंत्रणाचा कायदा 1947 साली झाला, आणि मोठ्या शहरांत 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे चालू होते तेच प्रमाण मानले गेले. युद्धाचे दिवस, घरांची टंचाई, मागोमाग फाळणी होऊन आलेले निर्वासित. गोरगरिबांच्या डोक्यावरील छप्पर टिकावे हा हेतू चांगलाच होता. कायदाही मुळात तात्पुरता म्हणूनच केलेला. पण मुदतवाढ मिळत मिळत तो अर्धे शतक राहिला. आमच्या मधल्या चौकातील दोन खोल्यांचे भाडे 9 रुपये होते. मी चौथीत असताना 9 रुपये, आणि 1986 साली माझे लग्न होऊन मी सासरी आले तेव्हाही 9 रुपयेच. कौले शाकारावयास माणूस लावला तर त्याची दोन दिवसांची मजुरी सगळ्या वाड्याच्या महिन्याच्या भाड्याहून अधिक होई. त्यात 1973 साली कायद्यात आणखी एक दुरुस्ती झाली. त्या वर्षाच्या 1 फेब्रुवारीस ज्यांचा जागेचा परवाना चालू होता, त्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. माझ्या मामांनी तेव्हापासून दादरची आपली जागा वीस वर्षे कुलूप घालून ठेवली. 'घर पडले तरी चालेल, पण बिऱ्हाडकरू नको,' असे ते म्हणत. अशी म्हणणारी माणसे आपल्या सगळ्यांच्याच नात्यात असतील.

सासूबाईंनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, 'तुझे माहेर मालकाचे. माझे बिऱ्हाडकरूचे. आता माझे ऐक.'

त्यांचे बालपण नारायण पेठेत दुसऱ्याच्या वाड्यात गेले. वडील शाळामास्तर, दोन खोल्यांत आठ माणसे. मालकीणबाईंचा नियम असा, की भिंतीस खिळा ठोकावयाचा नाही. त्यामुळे घरातील एकुलते एक घड्याळ कायम ट्रंकेवर उभे. रात्री आठनंतर नळावर जावयाचे नाही. गच्चीवर पापड वाळत घालावयाचे तर आधी विचारावयाचे. चातुर्मासात कोणाच्या चुलीवर कांदा पडला आहे हे मालकीणबाई जिन्यात उभ्या राहून वासाने ओळखीत, आणि दुसऱ्या दिवशी हौदावर त्याची वाच्यता करीत. 'आणि छप्पर गळे ते गळेच,' सासूबाई म्हणाल्या. 'मालक म्हणत, सात रुपयांत काय सोन्याची कौले घालू? आई पावसाळाभर पातेली मांडून ठेवी.'

एकाच कायद्याचा हा दुसरा पदर मला ठाऊक होता, पण तो असा माझ्या घरात, माझ्यासमोर पाटावर बसून बोलेल अशी कल्पना नव्हती. आमचे आजोबा का शाकारीत नसत ते मला माहीत. न शाकारलेल्या छपराखाली कोण झोपत होते, ते सासूबाईंना माहीत.

ह्यांनी मग भावोजींना सविस्तर लिहिले. जुना कायदा जाऊन महाराष्ट्राचा भाडेनियंत्रण कायदा 1999 साली झाला, व 31 मार्च 2000 पासून तो लागू आहे. तत्पूर्वी डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच, जुन्या काळचे भाडे तसेच गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे सांगितले होते. नव्या कायद्याप्रमाणे लीव्ह अँड लायसन्सच्या लेखी कराराने राहण्यासाठी दिलेली जागा मुदत संपल्यावर परवानाधारकाने सोडली नाही, तर मालकाने दिवाणी दाव्याच्या फेऱ्यांत न पडता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा; आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी ठरल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. मात्र करार लेखी व नोंदणी केलेला हवा. आपल्याकडे अजूनही पुष्कळांची अशी समजूत आहे, की अकरा महिन्यांचा कागद केला म्हणजे नोंदणी लागत नाही. इतर प्रांतांत वर्षाच्या आतील भाडेपट्ट्यांस ते लागू असेल. महाराष्ट्रात मुदत कितीही असो, नोंदणी केलीच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींविषयी राहणारा जे सांगेल, तेच उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाते. हे वाचून भावोजी नरमले. त्यांनी एवढेच कळविले, की घर बंद ठेवल्याने काय बिघडते ते तरी सांगा.

काय बिघडते ते आमच्या समोरच्याच दारात पाहावयास मिळत होते. तेथील मंडळी अमेरिकेस गेलेली, दोन वर्षे कुलूप. मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या नळीत नेहमी थोडे पाणी साठून राहते, आणि तेवढे पाणीच गटारातील वायू व झुरळे वर येऊ देत नाही. घर बंद राहिले की ते आटते. त्या घराचे दार कोणी उघडले की जिनाभर दुर्गंधी पसरे. सज्जात पारव्यांनी संसार थाटलेले, चौकटीस वाळवी, आणि कोठल्याशा नळाची गळती खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या छताला ओल आल्यावरच कळली. घराला राबता लागतो. दार उघडझाप करणारा हात, चुलीची ऊब, मोरीत पडणारे पाणी, ह्यावर ते जगते.

तेव्हा देण्याचे ठरले, आता तयारी. रंग, विजेच्या तारा, नळांचे वायसर ही कामे पैसे टाकले म्हणजे होतात, त्यांविषयी फार लिहीत नाही. एकच सांगते : गीझर असलेल्या घरात, वीज कोठे जमिनीत गळू लागताच क्षणात प्रवाह तोडणारी कळ मुख्य फळीवर बसवून घ्यावी. आपण इतकी वर्षे त्यावाचून राहिलो, हे काही दुसऱ्याच्या मुलाबाळांना त्यावाचून ठेवण्याचे कारण नव्हे. गॅसचे सिलिंडर व रेग्युलेटर आमच्या नावाचे. ते परत करून कागद घेतला. दुसऱ्याच्या नावाचे सिलिंडर बिऱ्हाडकरूने वापरणे नियमात बसत नाही.

खरा पेच पडला तो सामानाचा. ह्यांची सूचना अशी, की लहान खोलीत सर्व सामान रचून तिला कुलूप घालावे आणि उरलेले घर द्यावे. सूचना वरवर शहाणपणाची. आमच्या ओळखीच्या चार घरांनी तसेच केलेले. पण मला ती पटेना. दुसऱ्याच्या घराच्या पोटात आपली बंद खोली ठेवावयाची, म्हणजे त्यांनी रोज त्या कुलपासमोरून जावयाचे. आत ओल आली तर ती कळावयाची नाही, कळली तरी किल्ली बंगळुरात. आणि काही ना काही निमित्ताने ती खोली उघडण्यासाठी आपले त्यांच्याकडे जाणे-येणे होत राहावयाचे. सासूबाईंना हे सांगताच त्या म्हणाल्या, 'आमच्या मालकीणबाईंचे लोणच्याचे रांजण आमच्याच माजघरात असत. कधी रांजण पाहावयास येत, कधी आम्हाला.' त्यानंतर कुलपाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

सामान काढावयास सहा आठवडे लागले. तांब्याचा बंब, ज्याला गेल्या तीस वर्षांत विस्तव ठाऊक नाही, पाटा-वरवंटा, जाते, जे नुसते दसऱ्याला पुजले जाई, मामंजींच्या कायद्याच्या पुस्तकांची दोन कपाटे, लग्नमुंजींत आलेली स्टीलची ताटे, पेल्यांची कोरी खोकी, प्रत्येकावर देणाऱ्याचे नाव कोरलेले आणि त्यामुळे कोणालाच देता न येणारे. पितळी भांडी मोडीत घालावी असे सर्वांचे मत पडले, आणि मोडीचा व्यापारी दारात आल्यावर सर्वांचेच मत फिरले. अखेर ती नागपूरला भावोजींकडे गेली. त्यांना ब्याद नको होती ती बिऱ्हाडकरूची, पिंपांची चालेल असे मीच ठरवून टाकले. पुस्तके एका वाचनालयास देऊ केली, तर त्यांनी अर्धीच घेतली. कायद्याची जुनी पुस्तके कोणालाच नको असतात, कारण तो कायदा आता कोठे लागू नसतो. जाते मात्र खालच्या अंगणातील तुळशीपाशी ठेवून दिले. ते सोसायटीच्या बागेचे झाले.

देवघराचा प्रश्न मला नाजूक वाटत होता. देव बंगळूरला येणार हे उघडच होते. लाकडी देव्हारा भिंतीत बसविलेला. तो तेथेच राहू द्यावा, येणारी माणसे वापरतील, असे आम्ही दोघे म्हणत होतो. सासूबाईंनी सुताराला बोलावून तो काढवून घेतला. 'रिकामा देव्हारा ठेवून जावयाचे म्हणजे, येथे देवच ठेवा असे त्यांना बजावण्यासारखे आहे. कोनाडा राहू दे. त्यांनी त्यात देव ठेवो, नाही तर औषधाच्या बाटल्या ठेवो.' झोपाळ्याच्या बाबतीत मात्र त्यांचा निर्णय उलटा. त्यांच्या दुपारच्या विश्रांतीची ती जागा; पण बंगळूरच्या घरात कडी अडकविण्यास तुळई नाही. लोहाराला आणून कड्या दाखविल्या, तर एक झिजून निम्मी झालेली. दोन्ही बदलून घेतल्या. पाट काढून ठेवू का, असे विचारता म्हणाल्या, 'नुसत्या साखळ्या लोंबकळत ठेवून जाते का कोणी? राहू दे पाट.'

ह्यापुढचा भाग लिहावा की न लिहावा असा विचार आला; पण त्यावाचून हकीकत पुरी होत नाही. घर तयार झाल्यावर दलालाने पहिलाच प्रश्न केला तो असा : 'कसले लोक पाहिजेत? शाकाहारी लिहू ना?' सोसायटीतील एका जबाबदार गृहस्थांनीही जिन्यात गाठून सुचविले, की आपल्यातलेच कुटुंब पाहा, म्हणजे कोणाची तक्रार नाही. आपल्यातलेच एक कुटुंब खरोखर आलेही. अत्यंत गोड बोलणारे. त्यांचे म्हणणे एवढेच, की कराराची नोंदणी कशाला, उगाच खर्च. आणि कागदावर भाडे थोडे कमी लिहिले तर दोघांच्याही सोयीचे. ह्यांनी त्यांना चहा देऊन निरोप दिला.

नंतर आले ते जोडपे वेंगुर्ल्याकडचे. तो पिंपरीच्या बाजूला कारखान्यात, ती रुग्णालयात परिचारिका, चार वर्षांची मुलगी. बोलणे झाल्यावर बाईंनीच सरळ सांगितले, 'आमच्याकडे मासे होतात. आधीच सांगते, मागाहून वाद नको. एका ठिकाणी आम्हांला ह्याच कारणाने तीन महिन्यांत जागा सोडावी लागली.' खोलीत क्षणभर शांतता पसरली. माझ्या ओट्यावर चाळीस वर्षांत अंडेही आलेले नाही. मला काही वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. ओटा माझा, त्यावर मी रोज सकाळी हळदीकुंकवाची दोन बोटे उमटवीत आले. पण भाडे घ्यावयाचे ते घराचे, आणि घराला चूल असते. चुलीपुरते घर आपल्याकडे राखून उरलेल्याचे भाडे घ्यावयाचे, ही त्या कुलपाच्या खोलीचीच दुसरी तऱ्हा नव्हे काय? मी हे मनात जुळवीत होते, तोच सासूबाईंनी त्या बाईंना विचारले, 'रात्रपाळी असते तेव्हा मुलीला कोण पाहते?' आणि मग बोलणे त्या मुलीवरच चालले. घर त्यांनाच दिले. सोसायटीतील त्या गृहस्थांना ह्यांनी कराराची प्रत दिली आणि मालक राहत नसल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्क भरण्याची तयारी दाखविली. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा 2001 सालचा आदेश आहे, हेही सौम्यपणे सांगितले.

हिशेबाची आवड असलेल्या वाचकांसाठी आकडे देते. भाडे 26,000 रुपये, मुदत 24 महिने, अनामत एक लाख. मुद्रांक शुल्क आकारताना मुदतीचे सर्व भाडे धरतात आणि अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज कल्पून तेही मिळवितात; म्हणजे 6,24,000 आणि 20,000 मिळून 6,44,000, आणि त्याच्या पाव टक्का म्हणजे 1,610 रुपये. नोंदणीचे 1,000 वेगळे. अंगठा व छायाचित्र घरी येऊन घेतात, कचेरीत जावे लागत नाही. बिऱ्हाडकरूची माहिती पोलिसांस कळविली. पुण्यात मालक स्वतः राहत असल्यास घरपट्टीत 40 टक्के सवलत असते, तिच्यावर आता पाणी सोडावे लागले. उत्पन्नावरील कर मोजताना भरलेली घरपट्टी आणि उरलेल्याचे तीस टक्के वजा मिळतात. बाकी निम्मे भावोजींच्या विवरणात. पहिल्या महिन्याचे भाडे जमा झाल्यावर त्यांचे पत्र आले, त्यात ब्यादीचा उल्लेख नव्हता.

करारात आम्ही दोन अटी आपणहून घातल्या. भिंतीस खिळे ठोकावयास मुभा आहे, ही एक. हिचा मजकूर सांगणाऱ्या कोण, हे सांगावयास नकोच. आणि घर पाहावयास यावयाचे तर आम्ही दोन दिवस आधी कळवावे, ही दुसरी. करार लिहिणाऱ्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहून विचारले, की ह्यात तुमचा फायदा कोणता? ह्यांनी सांगितले, 'आईला विचारा.' त्यांनी विचारले नाही.

निघण्यापूर्वी एक वही केली. मी लिहावयास बसले आणि सासूबाई झोपाळ्यावरून सांगत गेल्या. पाणी सकाळी किती वाजता येते व गुरुवारी बहुधा का येत नाही. कोणता व्हॉल्व्ह फिरविला की फक्त न्हाणीघराचे पाणी बंद होते. पावसाळ्यात पुढचे दार फुगते, तेव्हा कडी किंचित वर उचलून सरकवावी. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तीननंतर येते, कुरडया घालावयाच्या तर तेथे. वीज दुरुस्त करणारा कोण, आणि बोलावल्यावर तो 'आलोच' म्हणाला तर किती तास धरावे. सतरा पाने भरली. सासूबाईंनी शेवटी ती वाचून दाखवावयास सांगितली, आणि दोन ठिकाणी 'करावे' असे होते तेथे 'केल्यास बरे' असे करविले.

बंगळूरला येऊन महिना झाला असेल, तोच एके दुपारी त्या बाईंचा फोन आला. मला वाटले, नळ गळतो आहे. तर त्यांचे विचारणे निराळेच. स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज दीडच्या सुमारास एक करडी मांजरी येऊन बसते आणि हक्काने ओरडते. तिला काय घालीत होता? वहीत मांजरीचे पान नव्हते. मी फोन सासूबाईंकडे दिला. 'दूधपोळी,' त्या म्हणाल्या, 'पोळी शिळी चालते.' पलीकडून काहीसे संकोचाने विचारलेले मलाही ऐकू आले : 'आजी, आज घरात बांगडे आहेत. डोकी घातली तर चालतील का?'

'मला काय विचारतेस,' सासूबाई म्हणाल्या, 'तिला विचार.'